घोकायची फी

गणिताचा क्लास नाही लावला तर एक वेळ चालेल, पण इतिहास-भूगोलाचा लावाच. नववीचा निकाल हातात पडला की हा सल्ला हमखास ऐकू येतो. एका पिढीपूर्वी इतिहासाला शिकवणी लावली म्हटलं असतं तर लोक हसले असते. शिकवणी गणिताची, इंग्रजीची, फार तर बीजगणित आणि भूमितीची वेगवेगळी. इतिहास-भूगोल दिवाळीच्या सुट्टीत वाचायचे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायचे. आता दहावीच्या क्लासच्या फलकावर 'ऑल सब्जेक्ट्स' असं ठळक लिहिलेलं असतं आणि त्यात 'एसएस', म्हणजे सामाजिक शास्त्रं, नसतील तर पालकच विचारतात, "एसएस घेत नाही का तुम्ही?"

या सल्ल्यामागचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. गणित डोक्यात शिरलं की सुटतं, हुशार मूल ते आपलं आपण करतं. इतिहास, भूगोल, जीवशास्त्र, संस्कृत हे पाठांतराचे विषय. पाठांतर कंटाळवाणं, कंटाळवाणं काम पोर आपणहून करत नाही, म्हणून ते करून घेणारं कोणीतरी हवं. इथवर मला काहीच म्हणायचं नाही. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे, कारण तिथे युक्तिवाद गुपचूप उडी मारतो: करून घेणारं कोणीतरी हवं, म्हणून क्लास लावा. क्लास नेमकं काय करून घेतो, हे कोणी विचारतच नाही.

विचारून पाहू. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दीड-दीड तास, चाळीस-पन्नास मुलं. सर धडा वाचतात, समजावतात, फळ्यावर मुद्दे लिहितात. मुलं ते वहीत उतरवतात किंवा छापील नोट्सवर हायलायटर फिरवतात. शेवटी 'आयएमपी' प्रश्नांवर खुणा होतात. घरी आल्यावर तीच पानं पुन्हा वाचायची. या सगळ्यात मुलाने पुस्तक मिटून, कोऱ्या कागदासमोर बसून, काय आठवतं ते स्वतःहून बाहेर काढलं असे क्षण किती? बहुतेक क्लासांत ते फक्त चाचणीच्या दिवशी येतात.

आणि पाठांतर होतं ते नेमकं त्याच क्षणात. हे माझं मत नव्हे, शंभराहून अधिक वर्षं तपासून पाहिलेली गोष्ट आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरसमूह पाठ करून, आपण किती वेगाने विसरतो याचा आलेख १८८५ साली मांडला. विसरणं सुरुवातीला फार झपाट्याने होतं, आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या रट्ट्यापेक्षा जास्त टिकते, हे तेव्हापासून ठाऊक आहे. त्यापुढचा धागा अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा. २००६ साली त्यांनी विद्यार्थ्यांना सूर्य, समुद्री पाणमांजर असल्या विषयांवरचे छोटे उतारे दिले, म्हणजे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या धड्यासारखाच मजकूर. एका गटाने उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदाच अभ्यासला आणि मग तीन वेळा, उतारा न बघता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडं उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. सगळ्यात बोलकी गोष्ट अशी की आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच अधिक होता.

आपल्या क्लासचं अर्थकारण याच विश्वासावर उभं आहे. दीड तास सुंदर समजावून ऐकलेला धडा मुलाला 'आला' असं वाटतं, घरी येऊन तो आईला तसं सांगतो, आई फीच्या पुढच्या हप्त्याची तयारी करते. पाच मिनिटांनंतरचे ८३ टक्के सगळ्यांना दिसतात. आठवड्यानंतरचे ४० दिसेपर्यंत क्लास पुढच्या धड्यावर गेलेला असतो, आणि सहामाहीत गुण घसरले की दोष मुलाच्या 'लक्ष नसण्या'वर जातो. उस्तादाने कितीही जोर मारले तरी दंड त्याचेच भरतात, पठ्ठ्याचे नाहीत.

यावर मला मिळालेलं सर्वांत अभ्यासू उत्तर एका क्लासचालकाकडूनच आलं. बेंजामिन ब्लूम यांचं नाव तुम्ही विसरता, असं त्यांचं म्हणणं. मी विसरत नाही. १९८४ सालच्या आपल्या गाजलेल्या लेखात ब्लूम यांनी दाखवलं की वैयक्तिक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. शिकवणीच्या बाजूने इतका जोरदार आकडा दुसरा नाही. पण तो लेख पुरता वाचावा. त्या प्रयोगांतले विषय होते संभाव्यता आणि नकाशाशास्त्र. शिकवणारा होता एका, दोन किंवा तीन मुलांमागे एक, आणि शिकवण्याच्या पोटातच वारंवार चाचणी, चूक दाखवणं, दुरुस्ती करून घेणं आणि पुन्हा चाचणी हे सगळं होतं. शिवाय पुढच्या अभ्यासांना हा आकडा पेलवला नाही. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ साली अनेक प्रयोग एकत्र पाहिले तेव्हा मानवी शिकवणीचा परिणाम ब्लूम यांनी दाखवलेल्या परिणामाच्या निम्म्याहूनही कमी निघाला. तोही चांगलाच म्हणायचा, यात वाद नाही. पण पन्नास पोरांच्या हॉलमध्ये नोट्स सांगणाऱ्याने ब्लूम यांचा दाखला द्यावा याला धारिष्ट्य लागतं. ब्लूम यांनी ज्या गोष्टीचं कौतुक केलं, तीच या हॉलमध्ये नाही.

दुसरं उत्तर परंपरेतून येतं, आणि ते मला अधिक आवडतं. वेदपाठशाळेत गुरूशिवाय पाठांतर झालं का कधी? जगातलं सर्वांत काटेकोर पाठांतर आपल्याकडे झालं आणि ते गुरूसमोर बसून झालं, हे खरंच आहे. पण तिथे काय चालतं ते बघा. गुरू एक चरण म्हणतो, शिष्य तो पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि एक स्वर चुकला तर तिथेच थांबवलं जातं. जटापाठात पदं एक-दोन, दोन-एक, एक-दोन अशी उलटसुलट म्हणायची असतात, घनपाठात त्याहून गुंतागुंतीची. जिभेला नुसत्या सवयीवर वाहत जाऊ द्यायचं नाही, प्रत्येक पदावर मन हजर हवं, अशी ती रचना आहे. संथेच्या तासात सर्वांत जास्त कामाला लागतो तो गुरूचा कान. आपल्या क्लासमध्ये सर्वांत जास्त कामाला लागतो तो सरांचा घसा. काही ठिकाणी तर माईक लावूनही बसतो. या परंपरेचा वारसा सांगायचा असेल तर निदान मुलांना बोलू द्या.

आता पाठांतराचे विषय म्हणून ज्यांच्या नावाने बिलं फाडली जातात, ते विषय तरी खरंच तसे आहेत का? दहावीचा भूगोल घ्या. राज्य मंडळाचं सध्याचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करतं. दोन्ही देशांची प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, व्यवसाय. प्रश्न येतात ते 'भौगोलिक कारणे लिहा', 'फरक स्पष्ट करा', नकाशा आणि आलेख या स्वरूपात. ब्राझीलच्या ईशान्येला 'अवर्षण चतुष्कोण' नावाचा कोरडा प्रदेश आहे. क्लासच्या नोट्समध्ये त्याची कारणं एक, दोन, तीन, चार अशा क्रमांकांनी येतात आणि मूल ते क्रमांक पाठ करतं. परीक्षेत तिसरा मुद्दा आठवला नाही की चौथाही जातो. याउलट, साताऱ्याच्या मुलाला एवढंच विचारा की महाबळेश्वरात पाऊस थांबत नाही आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला टँकर का लागतात. सह्याद्री वारे अडवतो, ढग पश्चिमेकडेच रिकामे होतात, पलीकडे पर्जन्यछाया. मग ब्राझीलचा नकाशा समोर ठेवा आणि समुद्रावरून येणारे वारे कुठे अडतात ते त्यालाच शोधू द्या. घोकायचं ओझं तिथल्या तिथे निम्मं होतं. हे शाळेत होऊ शकतं, घरी होऊ शकतं, क्लासमध्येही होऊ शकतं. पण क्लासमध्ये होत नाही, कारण आयते मुद्दे देणं हाच तिथला धंद्याचा माल आहे. मुलाने कारण स्वतः शोधून काढलं तर नोट्स कशाला लागणार?

इतिहासाची तर शोकांतिका आहे. दहावीचं पुस्तक मुळात इतिहास कसा लिहितात याबद्दल आहे. पहिला धडा पाश्चात्त्य इतिहासलेखनाच्या परंपरेचा: व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको. दुसरा भारतीय परंपरेचा. पुढे उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन. पुरावा कसा तपासावा, सांगणारा कोण आहे ते बघावं, एकाच घटनेकडे किती बाजूंनी पाहता येतं, हे पंधरा वर्षांच्या मुलाला सांगायचा धाडसी प्रयत्न आहे तो, आणि माझ्या मते मंडळाच्या चांगल्या पुस्तकांपैकी एक. या पुस्तकाचं क्लासमध्ये काय होतं? 'फुको: आर्केऑलॉजी ऑफ नॉलेज' अशी जोडी. चुकीची जोडी ओळखा, एक गुण. फुकोने ज्ञान आणि सत्ता यांबद्दल काय म्हटलं ते मुलाला कळलं की नाही, याच्याशी कोणालाच देणंघेणं नाही. जो विषय प्रश्न विचारायला शिकवण्यासाठी मांडला, त्याचा जोड्या लावण्याचा खेळ करून टाकायचा आणि वर म्हणायचं, हा पाठांतराचा विषय आहे, म्हणून क्लास लावा! विषय घोकंपट्टीचा केला कोणी?

गुणांचा हिशेबही करून टाकू, कारण शेवटी पालक गुणांपाशीच येऊन थांबतात आणि त्यात गैर काही नाही. इतिहास-राज्यशास्त्र ४० गुण, भूगोल ४०, अंतर्गत मूल्यमापन २०. अंतर्गत गुण शाळेच्या हातात, क्लासचा त्याच्याशी संबंध नाही. उरले ८०. त्यांच्यासाठी वाचायची ती बालभारतीची दोन पुस्तकं: इतिहासाचे नऊ धडे, राज्यशास्त्राचे पाच, भूगोलाचे नऊ. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पानांवर क्यूआर कोड आहेत. बाजारात नवनीत आणि '२१ अपेक्षित' आहेतच. माहितीचा तुटवडा असता तर क्लासला अर्थ होता. इथे माहितीचा पूर आहे आणि आपण पैसे मोजून त्यात आणखी एक बादली ओततो आहोत.

संस्कृतचं मात्र थोडं निराळं आहे. शंभरपैकी नव्व्याण्णव पाडण्याचा विषय म्हणून तो घेतला जातो ही गोष्ट सोडून देऊ. ज्या शाळेत संस्कृतचे शिक्षकच नाहीत, तिथल्या मुलाला संधी, विभक्ती, प्रयोग समजावणारं माणूस हवंच, आणि ते बाहेर शोधावं लागलं तर शोधावं. पण ती व्याकरणाची गरज झाली. शब्दरूपं त्यानंतरही मुलालाच म्हणावी लागतात.

वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'वाल्यांचा दाखला नेहमी दिला जातो: ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, एनसीईआरटीची ओळ न् ओळ पाठ हवी, कोचिंगशिवाय कोण करणार? मोठ्या स्पर्धेचं गणित दहावीच्या पोराला लावू नये हे तर झालंच. पण ज्या 'लातूर पॅटर्न'चं नाव या संदर्भात निघतं, त्याची ख्याती कशावर झाली हेही आठवावं. सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा, तपासलेला पेपर हातात आणि चुकांवर पुन्हा काम. व्याख्यानं सगळीकडेच होती. फरक पडला तो मुलांना वारंवार आठवायला लावण्याने.

आता सर्वांत खरा मुद्दा. "सगळं मान्य, पण पोर घरी बसतच नाही. क्लासमध्ये निदान दीड तास पुस्तकासमोर असतं." हे म्हणणाऱ्या आईला मी शहाणपणा शिकवणार नाही. दोघंही कामावर, घर एका खोलीचं, टीव्ही चालू, मोबाइल हाताशी. क्लास म्हणजे तिच्यासाठी संध्याकाळी मुलगा कुठे आहे याची खात्री. मुंबई-ठाण्याच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत तर ती बसायची जागा आहे, दिवा आणि पंखा आहे. या गरजेचा मी पूर्ण आदर करतो. फक्त तिला तिच्या नावाने हाक मारू. ही जागेची आणि देखरेखीची गरज आहे, ती इतिहास समजावून घेण्याची गरज नाही. जागा लागत असेल तर अभ्यासिका लागेल. गावोगावी स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी अभ्यासिका निघाल्या, नगरपालिकांनी काढल्या, दात्यांनी काढल्या. शाळकरी मुलांसाठी संध्याकाळी दोन तास शाळेचे वर्ग उघडे ठेवायला कोणाची हरकत असावी? ते होत नाही म्हणून पालक बसायच्या जागेसाठी व्याख्यानाचे पैसे मोजतात. आणि ज्याला घरी खोली आहे, आई-बाबा संध्याकाळी सातला घरी आहेत, त्याने हे कारण पुढे करू नये. त्याच्या बाबतीत क्लासला जाण्या-येण्याचा वेळ आणि तिथला दीड तास धरला तर आठवड्यातल्या तीन संध्याकाळी जातात. त्याच संध्याकाळी पाठांतर व्हायचं होतं!

चाचणी-मालिकेबद्दल माझी तक्रार नाही, हे मुद्दाम नोंदवतो. पेपर वेळेत लिहिणं, दोन तासांत ४० गुणांचा पेपर संपवणं, टीप लिहिताना किती लिहायचं याचा अंदाज, हे सरावाने येतं, आणि उत्तरपत्रिका नीट तपासून देणारं कोणी असेल तर तेवढ्याचे पैसे द्यावेत. काही क्लास फक्त चाचण्या घेतात. त्यांची फी कमी असते आणि उपयोग जास्त. पालक मात्र त्यांना अर्धवट समजतात, कारण तिथे कोणी 'शिकवत' नाही.

या सगळ्याची किंमत रुपयांत मोजून संपत नाही. केंद्र सरकारच्या २०२५च्या शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातले २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेतात, शहरांत ३०.७ टक्के, ग्रामीण भागात २५.५. म्हणजे बहुसंख्य मुलं आजही क्लासविना शिकतात. त्यांना आपण काय सांगतो आहोत? की ज्या विषयाला पुस्तक, वेळ आणि कोऱ्या कागदापलीकडे फारसं काही लागत नाही, तोही पैसे भरल्याशिवाय येत नाही. गणितात मागे पडलेली मुलगी 'मला शिकवणी नव्हती' म्हणते तेव्हा त्यात तथ्य असतं. तेच ती इतिहासाबद्दल म्हणू लागली तर तिच्या हातातलं एक समान मैदान आपण काढून घेतलं. आणि शाळेतल्या शिक्षकाचं काय होतं? निवडणूक आणि जनगणना या कामांना शिक्षण हक्क कायदाच मुभा देतो, त्यामुळे तो आधीच वर्गाबाहेर ओढला जातो. समोरची निम्मी पोरं धडा आधीच क्लासमध्ये ऐकून आलेली असली की त्याचाही उत्साह ओसरतो. 'क्लासला झालंय सर' हे वाक्य ऐकून शिकवत राहायला फार मोठं मन लागतं. केंद्राच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरमध्ये घेऊ नये असं म्हटलं आहे. दहावीची बहुतेक पोरं त्याच वयाची. सूचना कागदावर आहेत आणि 'ऑल सब्जेक्ट्स'चे फलक चौकात आहेत.

मग पोराला विचारायचं कोणी? यासाठी पदवी लागत नाही. रात्री जेवण झाल्यावर पुस्तक आईच्या हातात, मुलगा समोर. "राज्यशास्त्राचा तिसरा धडा सांग." तो अडखळेल, चुकेल, आई पुस्तकात बोट ठेवून म्हणेल, "इथं वेगळं लिहिलंय." तीन दिवसांनी तोच धडा पुन्हा, मग दहा दिवसांनी. आजी निरक्षर असेल तर तिला सांगावं, आणि तिला कळेपर्यंत सांगावं. ज्या आजीने तिन्हीसांजेला नातवंडांकडून परवचा म्हणवून घेतला, तिला ऐकणं म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको. धाकट्या भावाला वीस रुपये दिले तरी तो मोठ्या हौसेने ताईच्या चुका काढेल. कंटाळा येईल, हे खरं आहे. पण क्लासमध्येही येतोच.

आणि क्लासचालकांना एक मागणं आहे, कारण त्यांच्यात प्रामाणिक माणसं आहेत हे मला माहीत आहे. ऑगस्टमध्ये शिकवलेला इतिहासाचा एक धडा निवडा. शिकवला त्या आठवड्यात चाचणी घ्या, गुण नोंदवा. दिवाळीची सुट्टी संपल्यावर, आधी काहीही न सांगता, तीच चाचणी पुन्हा घ्या. दोन्ही गुण शेजारी शेजारी ठेवून पालकांना दाखवा आणि पुढचा हप्ता त्यानंतर मागा.